डॉक्टर म्हणाले ‘रक्त लागेल’ : कोणतं, किती आणि ते पेशंटपर्यंत नीट कसं पोचवायचं

रात्री साडेअकराला खिडकीशी एक माणूस येतो. दोन पायांत दोन वेगळ्या चपला, हातात घामानं ओला झालेला कागद. “साहेब, बी पॉझिटिव्हच्या दोन बाटल्या द्या.” मी विचारतो, “दादा, तांबड्या पेशी हव्यात, प्लाझ्मा हवाय की प्लेटलेट?” तो माझ्याकडे बघतच राहतो. “रक्त हवंय हो, रक्त!”

जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करताना हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलाय की आता मोजत नाही. त्या माणसाची काही चूक नसते. त्याला वॉर्डात कुणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून हे सगळं एकदा बैजवार लिहून ठेवतोय. घरात कुणी आजारी नसताना वाचलंत तर जास्त बरं.

पायरी पहिली : मागणीपत्र हातात घेतलं की तिथंच वाचा

वॉर्डातून निघण्याआधी कागदावर पाच गोष्टी आहेत का ते बघा : पेशंटचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, कोणता घटक किती पिशव्या, आणि कशासाठी. खाली डॉक्टरांची सही. घटकाच्या जागी बहुतेक वेळा नुसती आद्याक्षरं असतात. पीसीव्ही किंवा पीआरबीसी म्हणजे तांबड्या पेशी. आरडीपी आणि एसडीपी म्हणजे प्लेटलेट, रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी. एफएफपी म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा, रक्तातला पातळ द्रव. क्रायो म्हणजे क्रायोप्रेसिपिटेट, प्लाझ्मातूनच निघणारा घटक. अक्षर लागत नसेल तर सिस्टरना विचारून घ्या, त्यात संकोच नको. खिडकीपर्यंत येऊन परत जाण्यात अर्धा-पाऊण तास जातो आणि कधीकधी तोच महत्त्वाचा असतो.

एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा : “आत्ता लगेच चढवायचंय, की राखून ठेवायचंय?” ऑपरेशनसाठी नुसतं राखून ठेवायचं असेल तर पिशवी आमच्याच फ्रिजमध्ये राहिलेली बरी.

एका पिशवीतून काय काय निघतं

शिबिरात रक्तदाता ३५० किंवा ४५० मिलीलिटर रक्त देतो. ती पिशवी एकटी नसते, तिला नळीनं जोडलेल्या दोन-तीन रिकाम्या पिशव्या असतात. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर लिंबू सरबताच्या रंगाचा प्लाझ्मा येतो, आणि दोहोंच्या मध्ये मळकट पांढरा पातळ थर दिसतो. तो पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचा. मग प्रत्येक घटक आपापल्या पिशवीत ढकलायचा. एकाच माणसाचं दान असं तीन पेशंटना पोचतं. म्हणून आता सगळेच घटक असलेलं ‘अख्खं रक्त’ क्वचितच देतात. ज्याला फक्त तांबड्या पेशी हव्यात त्याला प्लाझ्मा चढवून त्याच्या हृदयावर बोजा कशाला टाकायचा?

तांबड्या पेशी

हिमोग्लोबिन फार कमी झालंय, अपघातात किंवा बाळंतपणात रक्त गेलंय, तेव्हा या लागतात. मोठ्या माणसात एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनं वाढतं. स्थिर असलेल्या पेशंटला बहुतेक डॉक्टर ७ च्या खाली गेल्यावर रक्त देतात, हृदयरोग असेल तर ८ च्या आसपास. हिमोग्लोबिन ९ आहे, थकवा वाटतोय, ‘एक बाटली चढवून टाका’ असा आग्रह नातेवाईकच धरतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. लोहाच्या गोळ्यांनी किंवा लोहाच्या इंजेक्शननं जे भरून निघेल त्यासाठी दुसऱ्याच्या पेशी अंगात घेण्याचा धोका का पत्करायचा?

थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मापासूनच हिमोग्लोबिन नीट न बनणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात जातं आणि शरीराकडे ते बाहेर टाकायची वाट नाही. म्हणून लोह काढणारं औषध रक्ताइतकंच नेमानं घ्यावं लागतं. या मुलांना पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं, म्हणजे ल्युकोडिप्लिटेड रक्त मागा. त्यानं थंडी-ताप येणं पुष्कळ कमी होतं. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या सिकलसेलच्या पेशंटनाही हे लागू आहे. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) पेशंटना रक्त विनाशुल्क आणि बदली रक्तदाता न मागता द्यायचं असा नियम आहे. कुणी नाही म्हटलं तर शांतपणे पण ठामपणे या नियमाची आठवण करून द्या.

आता रक्तगटाबद्दल. ओ निगेटिव्ह तांबड्या पेशी अगदी तातडीच्या वेळी कुणालाही देता येतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण कधीतरी पेशंट ओ गटाचा दिसतो आणि ओ ची एकही पिशवी त्याला जुळत नाही. तेव्हा आमच्या मनात पहिली शंका येते ती बॉम्बे रक्तगटाची. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट शोधला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, ओ निगेटिव्हसुद्धा घातक ठरतं. घरात एकाचा हा गट निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करून घ्या, जुळणारा माणूस तिथंच सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

प्लेटलेट : सगळ्यात जास्त धावपळ हिच्यासाठी

पावसाळा संपत आला की डेंगीमुळे आमचा फोन थांबत नाही. आरडीपी म्हणजे एका रक्तदात्याच्या पिशवीतून काढलेल्या प्लेटलेट, साधारण ५० ते ७० मिलीलिटर. मोठ्या माणसात एका आरडीपीनं आकडा ५ ते १० हजारांनी वाढतो, म्हणून चार-सहा पिशव्या एकदम मागतात. एसडीपी म्हणजे एकाच दात्याला मशीनला जोडून फक्त प्लेटलेट काढून घ्यायच्या आणि बाकीचं रक्त त्याला परत द्यायचं. तिनं आकडा ३० ते ५० हजारांनी वाढतो. तिला किट लागतो, म्हणून ती महाग. एसडीपीचा दाता आणायचा तर वजन किमान ५० किलो, प्लेटलेट दीड लाखाच्या वर, हाताची शीर ठसठशीत आणि गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. त्याला सांगून आणा की तास-दीड तास बसावं लागेल. घाईत असलेला माणूस आणू नका.

प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्याही २० ते २४ अंशांना, सतत हलत्या मशीनवर. चांगली पिशवी ओळखायची आमची एक पद्धत आहे. पिशवी ट्यूबलाइटसमोर धरायची आणि हलकेच कलती करायची. आत रेशमी कापडावर फुंकर मारल्यासारखी चमकती लहर फिरताना दिसली की पेशी जिवंत आहेत. लहर दिसली नाही तर ती पिशवी आम्ही देत नाही. तुम्हीही बघायला मागा, मला तरी दाखवायला आवडतं.

आणि आता जे मला कळकळीनं सांगायचंय ते. डेंगीत प्लेटलेट ४० हजारांवर आल्या म्हणून कुणी मरत नाही. रक्तस्राव नसेल तर साधारणपणे १० हजारांच्या खाली गेल्यावरच त्या देण्याचा विचार करतात. खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरण्याचा. ताप उतरतो, घरचे निःश्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं सुरू होतं. तिकडे लक्ष द्या. डॉक्टरांना प्लेटलेटच्या जोडीला “हिमॅटोक्रिट किती आहे?” हेही विचारा. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण. तो चढत असेल तर सलाइनचं अचूक गणित पेशंटला वाचवतं. चार नातेवाईक रात्रभर दाते शोधत गावभर फिरतात आणि पेशंटजवळ लघवी मोजायला कुणी नसतं, हे मी पाहिलंय.

कॅन्सरची केमो चालू असलेल्यांना, रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटना मात्र प्लेटलेट खरोखरच वारंवार लागतात. डेंगीच्या काळात घाबरून मागितलेली प्रत्येक पिशवी त्यांच्या वाट्यातून जाते.

प्लाझ्मा आणि क्रायो

प्लाझ्मामध्ये रक्त गोठवणारे घटक असतात. रक्त घेतल्यापासून सहा ते आठ तासांत गोठवला तर ते टिकून राहतात आणि उणे १८ अंशांखाली तो वर्षभर चालतो. यकृत निकामी होऊन रक्तस्राव होतोय, भरपूर रक्त गेलंय, अशा वेळी एफएफपी देतात. मात्रा वजनावर ठरते, किलोला १० ते १५ मिलीलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तीन-चार पिशव्या. अंगात ताकद यावी किंवा प्रथिनं वाढावीत म्हणून प्लाझ्मा देऊ नये. पिशवी वितळायला अर्धा तास लागतो, तेव्हा खिडकीवर ‘लगेच द्या’ म्हणून चिडू नका. एकदा वितळली की परत गोठवता येत नाही, त्यामुळे वॉर्डात शीर लावून तयार आहे ना हे आधी विचारा आणि मगच आम्हाला वितळवायला सांगा.

प्लाझ्माच्या गटाचं गणित तांबड्या पेशींच्या उलटं असतं. इथं एबी गटाचा प्लाझ्मा कुणालाही चालतो आणि ओ गटाचा फक्त ओ ला. ‘ओ सगळ्यांना चालतो’ असं धरून वाद घालणारे नातेवाईक रोज भेटतात.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत बरे झालेल्यांच्या प्लाझ्मासाठी लोकांनी जीव टाकला. त्याचा उपयोग होत नाही हे आयसीएमआरच्या चाचणीत २०२० मध्येच दिसलं होतं, आणि मे २०२१ मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. दाता मिळाला नाही म्हणून आपण कमी पडलो असं ज्या घरांना अजून वाटतं, त्यांनी ते ओझं उतरवून ठेवावं.

क्रायो म्हणजे प्लाझ्मा हळूहळू थंडीतच वितळवला की तळाशी राहतो तो साका. जेमतेम १५-२० मिलीलिटरची पिशवी, पण फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ या रक्त गोठवणाऱ्या घटकांनी ठासून भरलेली. बाळंतपणात रक्त थांबतच नाही तेव्हा हिची किंमत कळते. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ज्युडिथ पूल यांनी ही पद्धत शोधली आणि हिमोफिलियाच्या मुलांना पहिल्यांदा हाताशी येणारा उपचार मिळाला.

रक्तापासून बनलेली बाटलीबंद औषधं

ही रक्तपेढीच्या खिडकीवर मिळत नाहीत, औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयाच्या फार्मसीत मिळतात. हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून कारखान्यात वेगवेगळे घटक काढतात आणि विषाणू मारण्याच्या प्रक्रियेतून नेतात. अल्ब्युमिन तर ६० अंशांवर सलग दहा तास तापवतात.

अल्ब्युमिन : यकृताच्या आजारात पोटातलं पाणी मोठ्या प्रमाणात काढलं की देतात. ते टॉनिक नव्हे. नुसत्या अशक्तपणासाठी कुणी लिहून दिलं तर कारण विचारा, कारण किंमत बरीच आहे.

इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजी : जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गीयां-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. रोज किलोमागे ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. हिशेब आधीच मांडून ठेवा आणि सरकारी योजनेत बसतंय का ते पहिल्याच दिवशी विचारा. काही पेशंटना याऐवजी प्लाझ्मा बदलण्याचा उपचार चालतो, तोही पर्याय डॉक्टरांशी बोला.

अँटी-डी : आईच्या शरीरानं बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटिबॉडी बनवू नयेत म्हणून. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्यात एक इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला तरी विसरू नका, तिथंच जास्त राहून जातं. पहिलं बाळ सुखरूप असतं, त्रास पुढच्या बाळाला होतो, म्हणून तेव्हा कुणाला महत्त्व वाटत नाही.

रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन : कुत्रा चावून रक्त आलं असेल तर जखम साबणानं १५ मिनिटं धुवायची, लस घ्यायची, आणि हे औषध जखमेत व भोवती टोचून घ्यायचं. माणसाच्या रक्तापासूनचं किलोला २० युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं ४०. नुसत्या लशीवर थांबू नका.

फॅक्टर आठ आणि नऊ : हिमोफिलिया ए साठी आठ, बी साठी नऊ. गुडघा सुजायला लागला की बर्फ लावून वाट बघत बसू नका, तासाभरात फॅक्टर मिळाला तर सांधा वाचतो. अशा घरात फॅक्टर कुठल्या सरकारी केंद्रात मिळतो ते दारामागे लिहून ठेवा.

पायरी दुसरी : जुळवणीसाठी पेशंटच्या रक्ताचा नमुना

सगळ्या साखळीतली सर्वात नाजूक जागा हीच. एकदा एका वॉर्डात एकाच नावाच्या दोन बाया शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. दोघींचे नमुने आधी काढले, मग टेबलाशी जाऊन नळ्यांवर नावं लिहिली, आणि नळ्या बदलल्या. आमच्या जुन्या वहीत एकीचा गट ए लिहिला होता आणि हातातली नळी बी दाखवत होती, म्हणून कळलं. जुनी नोंद नसती तर? त्या रात्री मी घरी जाऊन जेवलो नाही.

तेव्हा नमुना काढताना पेशंटजवळ थांबा. पेशंटनं स्वतःचं नाव स्वतः सांगावं आणि नळीवर नाव-क्रमांक खाटेशीच लिहिला जावा. आधीच लेबल लावलेली नळी कुणी आणली तर, “ताई, एकदा नाव पडताळता का?” एवढंच म्हणा.

पायरी तिसरी : रक्तदाते आणि पैसे

रक्त विकायला बंदी आहे, आकारतात ते फक्त तपासणी आणि प्रक्रियेचे पैसे. केंद्राच्या दरांनुसार नेहमीच्या घटकांना ते घटकाप्रमाणे २५० ते १,५५० रुपयांच्या दरम्यान बसतं. जादा तपासण्यांचे वेगळे लागतात. पावती घ्याच. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरिया या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात. खिडकीबाहेर घुटमळणारा, ‘मी देतो, हजार द्या’ म्हणणारा माणूस आणू नका.

‘घरच्याचंच रक्त द्या, ते सुरक्षित’ ही समजूतही सोडा. आईवडील, भाऊबहीण, मुलं यांचं रक्त पेशंटला थेट दिलं तर क्वचित त्यातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरावरच उलटतात, आणि तो आजार सहसा बरा होत नाही. दुसरं काही हाताशीच नसेल तर ते किरणांनी प्रक्रिया केलेलं असावं लागतं. घरच्यांनी रक्त द्यावं ते पेढीत, दुसऱ्या कुणासाठी. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं. हिमोग्लोबिन १२.५ आणि वजन ४५ किलो हवं.

पायरी चौथी : पिशवी ताब्यात घेताना आणि वाटेत

लेबलच्या रंगावरूनही गट कळतो : ओ निळा, ए पिवळा, बी गुलाबी, एबी पांढरा. गट, पिशवीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख क्रॉसमॅचच्या, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी केलेल्या जुळवणीच्या कागदाशी जुळवा. पिशवीत गुठळ्या, गळती किंवा जांभळट-काळपट रंग दिसला तर परत करा.

तांबड्या पेशी थंड पेटीतून न्या, पण बर्फ पिशवीला थेट टेकू देऊ नका. प्लेटलेट मात्र बर्फात अजिबात नको, हातातल्या साध्या पिशवीतून न्या. वाटेत चहाला थांबू नका आणि मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नका. वॉर्डातल्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवलेली पिशवी आम्ही परत घेत नाही, मग ती वाया जाते.

पायरी पाचवी : खाटेशी

लावण्याआधी दोघांनी मिळून पेशंटचं नाव, क्रमांक आणि पिशवी पडताळायची असते. रक्ताचा सेट जाळीचा असतो, सलाइनचा साधा सेट चालत नाही. त्याच नळीतून दुसरं औषध नको, चालतं ते फक्त नॉर्मल सलाइन. पिशवी गरम पाण्यात बुडवून ऊन करू नका, पेशी फुटतात. फ्रिजमधून काढल्यावर अर्ध्या तासात सुरू आणि चार तासांत संपली पाहिजे.

पहिली पंधरा मिनिटं हळू थेंब, आणि तेवढा वेळ कुणीतरी पेशंटच्या तोंडाकडे बघत बसा. थंडी वाजणं, ताप, अंगावर गांधी, छातीत किंवा कमरेत दुखणं, धाप लागणं, लघवी लाल होणं, किंवा पेशंट नुसतं “मला कसंतरी होतंय” म्हणाला तरी लगेच सिस्टरना हाक मारा आणि रक्त थांबवायला सांगा. नंतर ती पिशवी फेकू नका, नळीसकट रक्तपेढीला परत पाठवा. काय चुकलं ते तिच्यातूनच कळतं. म्हाताऱ्या माणसांत आणि किडनीच्या पेशंटमध्ये धाप रक्त संपल्यावरही लागू शकते, तेव्हा त्या रात्री उशाशी कुणीतरी जागं असू द्या.

घरी गेल्यावर

एका कार्डावर लिहून ठेवा : रक्तगट, कोणता घटक किती पिशव्या, तारीख, काही त्रास झाला का. रक्तात अँटिबॉडी (परक्या पेशींविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रथिनं) सापडल्या असं आम्ही कागदावर लिहून दिलं असेल तर तो कागद लॅमिनेट करून आधारकार्डाबरोबर ठेवा. काही वर्षांनी त्या अँटिबॉडी तपासणीत दिसेनाशा होतात, पण चुकीची पिशवी गेली की पुन्हा उसळतात. पुढच्या वेळी कुठल्याही रक्तपेढीच्या खिडकीशी गेलात, तर मागणीपत्राच्या आधी तो कागद पुढे करा.